इस्लेरो ते पवळ्या : बैलाच्या नावाचा मागोवा

इटलीतल्या सांत'आगाता बोलोन्येजे या गावी तयार होणाऱ्या लॅम्बोर्गिनी मोटारींची नावे ओळीने वाचत गेले, की एखाद्या मोठ्या गोठ्याची हजेरी ऐकावी तसे वाटते. मिउरा, इस्लेरो, उराको, दियाब्लो, मुर्सिएलागो, गायार्दो, आवेंतादोर, उराकान, उरुस, रेवुएल्तो. जगातल्या अतिशय वेगवान आणि महागड्या मोटारींत ज्यांची गणना होते, त्यांना ही नावे मिळाली ती बैलांवरून, बैलांच्या कुळांवरून आणि बैल पाळणाऱ्या घराण्यांवरून. पांढुर्णा आणि सौसर या सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या दोन तालुक्यांत अशी मोटार क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडत असेल. पण बैलाला नाव देणे म्हणजे काय, हे इथल्या मराठी शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून या नावांचा माग काढायला हीच जागा योग्य आहे. आपण मोटारीपासून सुरुवात न करता बैलाच्या मुळापासून निघू. मोटार वाटेत भेटेल.

मूळ शोधायला त्या यादीतले एक नाव आपल्या उपयोगी पडते. 2017 साली बाजारात आलेल्या ‘उरुस’चे नाव कोणा एका बैलाचे नाही. युरोपातल्या रानबैलाला जुने रोमन लोक उरुस म्हणत. ज्यूलियस सीझरने गॉलच्या युद्धांच्या वृत्तान्तात या जनावराचे वर्णन करून ठेवले आहे: आकाराने हत्तीपेक्षा थोडे लहान, अंगात अफाट बळ आणि माणसाला मुळीच न जुमानणारे. मध्ययुगात जंगले तुटत गेली तसा हा प्राणी पूर्वेकडे हटत गेला आणि 1627 साली पोलंडमधल्या याकतोरूवच्या जंगलात त्याची शेवटची गाय मेली. आज स्पेनमध्ये बैलझुंजीच्या रिंगणात उतरणारा बैल याच रानबैलाच्या माणसाळलेल्या वंशातला. पण रानबैलाची आणखी एक शाखा होती आणि ती आपल्या दाराशी नांदत होती. सौसरहून उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदेचे खोरे लागते. त्या खोऱ्यातल्या गाळात एकोणिसाव्या शतकात जुन्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले. ह्यू फाल्कनर या अभ्यासकाने त्यांतल्या रानबैलाला नर्मदेवरूनच ‘बॉस नामाडिकस’ हे शास्त्रीय नाव दिले. वशिंडाचा भारतीय बैल या शाखेतून आला असे मानले जाते. म्हणजे ‘उरुस’ हे नाव ज्या जनावराचे, त्याचा भारतीय भाऊबंद जगभरच्या ग्रंथांत आपल्या नदीच्या नावाने ओळखला जातो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि शाळेतल्या मुलांना ती कोणी सांगत नाही याची हळहळही वाटते.

वशिंडाचा बैल माणसाळला तो सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, सिंधूच्या पश्चिमेला मेहरगढच्या परिसरात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तो डौलाने उभा दिसतो. तिथून दक्खनला येताना तो जोडीने आला. 1974 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला गावकऱ्यांना चार ब्राँझशिल्पे सापडली. त्यांत एक रथ आहे. रथाला दोन बैल जुंपलेले आणि मागे हाकणारा माणूस उभा. अभ्यासकांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातली ठरवली, काहींनी त्यावर वादही घातला. बैल, जू, दांडी, चाक आणि हाकणारा ही पुरी रचना त्या ओतीव धातूत आजही जशीच्या तशी पाहता येते. त्या जोडीला घरात काय म्हणत असतील, हे मात्र कुठेच कोरलेले नाही. आपल्याकडे बैलाचे चित्र, मूर्ती, पूजा सारे टिकले; त्याचे नाव टिकवण्याची सोय कोणी केली नाही. हा धागा आपण हातात धरून ठेवू.

आता थेट सौसरच्या परिसरात येऊ. छिंदवाडा जिल्ह्यातल्या देवगड किल्ल्यावर गोंडांचे राज्य होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी तिथे गवळी राजे होते, हे परंपरा सांगते. रणसूर आणि घनसूर या दोघा गवळी राजांच्या पदरी जाटबा नावाचा गोंड तरुण होता आणि त्याने त्यांना मारून देवगडची गादी घेतली, अशी ती कथा आहे. कथेत इतिहास किती आणि रंजन किती, हे आता वेगळे काढता येणार नाही. परंतु सातपुड्याच्या या पट्ट्यात जनावरांचे कळप राखणारे लोक एके काळी सत्तेवर होते, एवढी आठवण तिने जपली आहे. या गवळी लोकांशीच इथल्या गोवंशाचे नाव जोडले जाते: गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा या जातीचा मुलूख. रंग पांढरा किंवा फिकट करडा, नराच्या मानेवर आणि वशिंडावर गडद छटा, तोंड लांबट आणि अरुंद, शिंगे आखूड, अंग सडपातळ. आंध्रातल्या ओंगोलशी त्याचे नाते दिसते, पण ओंगोलचा भरदारपणा याच्यात नाही. याचा गुण वेगळा: चाल. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने 1702 च्या सुमारास नागपूर वसवले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला रघूजी भोसल्यांच्या हाती हे राज्य आले आणि भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओडिशापर्यंत जाऊ लागल्या. डोंगराळ मुलखातून लष्कराचे सामान झपाट्याने नेण्यासाठी मराठ्यांनी गवळाऊची निवड आणि जोपासना केली, असे या जातीच्या वर्णनांत सांगितले जाते. वेगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला बैल असे ज्याला म्हणता येईल, तो हा. 1853 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, फौजा गेल्या. बैल मात्र शेतात आणि रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, राहिला.

या बैलाला घरात हाक कशी मारत? बहुतेक नावे रंगावरून. धवल म्हणजे पांढरा तो ढवळ्या, पोवळ्याच्या रंगाचा तो पवळ्या, तांबूस तो लाल्या, कपाळावर चांद असलेला चांद्या, ठिपक्यांचा कबऱ्या. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत तर ही दोन नावे सबंध महाराष्ट्राच्या तोंडी बसली आहेत. गवळाऊच्या मुलखात मात्र एक अडचण आहे. गोठ्यातली चारही जनावरे पांढरी असली तर ढवळ्या म्हणायचे कोणाला? मग नजर बारकाव्यांवर जाते: शिंगांची ठेवण, कपाळावरचा डाग, डोळ्यांतला करडेपणा, चालण्याची ढब. काही नावे कौतुकाची असतात आणि ती जोडीनेच येतात: सर्जा-राजा, हिरा-मोती. कारण बैल एकटा विकत घेतला तरी तो जोडीतच जगतो. जुवाखाली त्याची बाजूही ठरलेली असते, आणि ती बदलली की चांगला बैलही बुजतो. एक म्हातारा झाला की त्याच्या जागी नवा येतो आणि अनेक घरांत जुन्याचेच नाव नव्याला मिळते. त्यामुळे एकाच गोठ्यात साठ-सत्तर वर्षे ‘राजा’ असतो, पण तो प्रत्येक वेळी निराळा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर ते सांगतात, हा तिसरा राजा, पहिल्याच्या वेळी विहीर बांधली. बैलांची नावे अशी घराच्या कालगणनेला लागलेली असतात.

या नावांचा सार्वजनिक दिवस म्हणजे पोळा. पिठोरी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून ते शेकतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे सांगून त्यांना रीतसर जेवणाचे निमंत्रण देतात. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. गावाच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीते, म्हटल्या जातात. विदर्भात आणि सौसर-पांढुर्ण्यात ही रीत एकच आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हे तालुके छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिले, तरी तोरणाखालची भाषा बदलली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. देशभरच्या बातम्यांत पांढुर्णा येते ते त्या दगडफेकीमुळे आणि तीत जखमी होणाऱ्या माणसांमुळे. आदल्या दिवशीच्या बैलांविषयी त्या बातम्यांत एक ओळही नसते, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

आता समुद्र ओलांडून एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनमध्ये जाऊ. सेव्हिलच्या मिउरा घराण्याने 1842 साली झुंजीचे बैल पाळायला आरंभ केला आणि सात वर्षांत त्यांचे बैल माद्रिदच्या रिंगणात उतरले. या कुळांचा नाव ठेवण्याचा एक नियम आहे आणि मागोवा घेणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो: गोऱ्ह्याला आईचे नाव पुल्लिंगी करून देतात. इस्लेराचा पोरगा इस्लेरो. त्यामुळे नाव उच्चारले की आईकडचा वंश कळतो. प्रत्येक जनावराच्या अंगावर मालकाचा डाग आणि क्रमांक, घराण्याकडे वह्या, आणि 1905 पासून पैदासकारांची संघटनाही. कोणता बैल, कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या मातादोरसमोर, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजणाऱ्या माणसासमोर आला, याची नोंद राहते. 1869 सालच्या जुलैत माद्रिदला चिकोर्रो या मातादोरशी झुंजलेला दियाब्लो हा बैल वेराग्वाच्या ड्यूकच्या कळपातला होता. ही पदवी कोलंबसाच्या वंशजांकडे चालत आलेली. 1879 च्या ऑगस्टमध्ये आलिकांतेला उराकान. त्याच साली 5 ऑक्टोबरला कोर्दोबाला मुर्सिएलागो. मुर्सिएलागो म्हणजे वटवाघूळ. लागार्तिहो या नामांकित मातादोरच्या तलवारीचे चोवीस वार खाऊनही तो उभा राहिला, प्रेक्षकांनी त्याला जीवदान मागितले आणि पुढे तो मिउरांच्या कळपात गेला, असे मोटार कंपनी सांगते. 1880 मध्ये बार्सिलोनाला रेवुएल्तो. तो आठ वेळा कठडा ओलांडून प्रेक्षकांत शिरला असे म्हणतात. या कथांना पुढच्या पिढ्यांनी पॉलिश केले असणार. तरी तारीख, गाव आणि नाव हा सांगाडा टिकला तो लिहिण्याच्या शिस्तीमुळे.

या यादीतला सर्वांत गाजलेला दिवस 28 ऑगस्ट 1947 चा. लिनारेस गावच्या रिंगणात मिउरांच्या इस्लेरोने मानोलेतेच्या मांडीत शिंग खुपसले. मानोलेते हा त्या काळचा स्पेनचा सर्वांत लाडका मातादोर, वय अवघे तीस. इस्लेरो तिथेच मेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मानोलेतेही गेला. सबंध देश शोकात बुडाला. यानंतर मिउरा हे नाव ऐकले की मातादोरांच्या अंगावर काटा येई. हा खेळ क्रूर आहे, यात मला शंका नाही, आणि शौर्याच्या शब्दांनी ती क्रूरता झाकली जाऊ नये असे वाटते. स्पेनच्या वह्यांत बैलाचे नाव येते ते बहुधा त्याच्या मरणाच्या तारखेसह. सौसरच्या गोठ्यात नाव येते ते बैल बाजारातून घरी आला त्या दिवशी, घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते तेव्हा.

मोटारी आता येतात. फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचा जन्म 28 एप्रिल 1916 चा, रेनात्सो गावच्या द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला. रास वृषभ. त्याचा ओढा शेतापेक्षा यंत्रांकडे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची टाकाऊ यंत्रसामग्री घेऊन त्याने 1948 पासून ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि त्यावर तो श्रीमंत झाला. हे वळण आपण नीट पाहायला हवे. इटलीच्या शेतांतून औताचे बैल ज्या ट्रॅक्टरांनी हटवले, त्यांतले बरेच त्याच्या कारखान्यातले होते. 1962 मध्ये तो सेव्हिलला मिउरांच्या कुरणात गेला, ती जनावरे पाहून भारावला आणि बैल हेच आपले चिन्ह असे त्याने ठरवले. 1963 साली मोटारींचा कारखाना निघाला. 1966 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘मिउरा’ आली. चौकट जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी यांची, अंगकाठी बेर्तोने कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनी या तरुणाची. 1968 मध्ये ‘इस्लेरो’ आणि ‘एस्पादा’ एकाच वेळी आल्या: एका मोटारीला मातादोराला मारणाऱ्या बैलाचे नाव, दुसरीला बैलाला मारणाऱ्या तलवारीचे. 1970 ची ‘हारामा’ माद्रिदजवळच्या त्याच नावाच्या नदीकाठच्या बैलांच्या मुलखावरून; तिथेच मोटारशर्यतीचे मैदानही असल्याने लोकांचा गोंधळ होतो. 1971 मध्ये दाखवलेल्या ‘कुंताश’चा मात्र बैलाशी काही संबंध नाही. तो पिएमोंते भागातल्या बोलीतला आश्चर्याचा उद्गार आहे. पुढे फेरुच्चोने आपला हिस्सा विकून टाकला, कंपनी अनेक हातांतून फिरत 1998 मध्ये आउडीकडे गेली. मालक बदलले, देश बदलले, पण नवी मोटार निघाली की बैलांच्या जुन्या वह्या उघडायच्या ही रीत टिकली. 1990 ला दियाब्लो, 2001 ला मुर्सिएलागो, 2003 ला गायार्दो, 2011 ला आवेंतादोर, 2014 ला उराकान, 2023 ला रेवुएल्तो. शेतकऱ्याच्या मुलाने घातलेला पायंडा पुढच्या मालकांनी इतका निष्ठेने पाळावा, हे व्यापारात विरळा आहे.

1963 या सालाशी आपल्याकडचाही एक दुवा आहे. त्याच वर्षी महिंद्रांनी अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत भारतात ट्रॅक्टर काढण्याची कंपनी स्थापन केली. पुढे नागपूरच्या हिंगण्यातही त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला. ट्रॅक्टरांना नावे मिळाली ती ‘सरपंच’, ‘भूमिपुत्र’, ‘अर्जुन’ अशी. गावातला मान, मातीचे नाते, महाभारतातला वीर. ज्याची जागा ट्रॅक्टरने घेतली त्या बैलाची आठवण या नावांत नाही. पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पोची गोष्ट आणखी लक्षणीय आहे. फिरोदियांनी 1958 मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या साहाय्याने हा उद्योग उभारला. जर्मनीत 1949 साली निघालेल्या मालमोटारीचे नाव होते ‘मातादोर’. तेच नाव भारतात आले आणि आपल्या तोंडी ‘मेटाडोर’ झाले. सौसर-पांढुर्ण्याची संत्री नागपूरच्या बाजारात नेणारी, वरात नेणारी, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणारी कोणत्याही कंपनीची गाडी कित्येक वर्षे मेटाडोरच होती. त्या शब्दाचा मूळ अर्थ बैलाला ठार करणारा, हे बोलणाऱ्यांच्या गावीही नव्हते. याच कंपनीने नंतर ट्रॅक्टर काढले तेव्हा त्यांना ‘ऑक्स’ म्हणजे बैल हे नाव दिले. माझ्या माहितीत आपल्या शेतीच्या यंत्राने बैलाची थेट आठवण ठेवली ती इथेच, आणि तीही इंग्रजी शब्दाने.

बैल नावाने अजून ओळखला जातो ती एक जागा उरली आहे: शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. विदर्भात आणि सीमेपलीकडेही पटाचा नाद जुना. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, छकड्यावर बसतो, जोडीचे नाव पुकारले जाते आणि काही क्षणांत सारे संपते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. अटी आहेत, त्या काटेकोर पाळल्या गेल्या पाहिजेत. ज्या हातात चाबूक किंवा खिळा आहे त्या हाताला बैलाचे नाव घेण्याचा अधिकार नाही. पण बंदीच्या काळात पटाची जनावरे राखण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले होते, हेही लक्षात ठेवावे लागते. गवळाऊची शुद्ध जनावरे आज पूर्वीइतकी दिसत नाहीत. ट्रॅक्टरने औत घेतले, संकरित गायींनी दुधाची बाजू घेतली, आणि चालीसाठी घडवलेल्या बैलाला धावायला रस्ता उरला नाही.

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा दप्तरखाना आता भरू लागेल, पुढेमागे त्याचे गॅझेटियरही लिहिले जाईल. 1907 साली छिंदवाड्याचे गॅझेटियर निघाले तेव्हा जमीन, पिके, जाती, बाजार यांच्या नोंदी झाल्या. गोठ्यातल्या बैलांची नावे कोणी विचारली नाहीत. यावेळी ते काम सरकारची वाट न पाहता घरोघर होऊ शकते. येत्या पोळ्याला आपल्या आजोबांना किंवा काकांना विचारा: आपल्याकडे कोणकोणते बैल होते, कोणत्या बाजारातून आणले, कोण कोणत्या बाजूला चाले, कोणाचा रंग कसा होता, कोणत्या साली गेला. मिळेल ते वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि गवळाऊचे वासरू घरात असेल तर त्याच्या आईचे नाव त्याच्या नावापुढे लिहा.